कार्यक्षमतेच्या आकड्याबरोबर वायूंची वाटही छापा

संपादक महोदय,

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला 4 जानेवारी 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, 19,744 कोटी रुपयांची तरतूद झाली आणि तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांत इंधनपेशींवरचा मजकूर वरचेवर दिसू लागला. चांगलीच गोष्ट आहे. पण सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलचा, म्हणजे इंधन न जाळता त्यातून थेट वीज काढणाऱ्या सिरॅमिकच्या इंधनपेशीचा, विषय निघाला की 'साठ टक्के कार्यक्षम' एवढे म्हणून लेख पुढे सरकतो. हा आकडा खोटा नाही. मात्र तो कोणत्या इंधनावर, किती इंधन वापरून, किती हवा फुंकून आणि दोन वायू कोणत्या दिशांनी वाहते ठेवून मिळाला, हे कळल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही. त्यातली वायूंची मांडणी तर अभियांत्रिकीच्या प्रकल्प-अहवालांतही अर्ध्या ओळीत उरकली जाते. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

आधी त्या साठ टक्क्यांचे पाहू. सेल 0.75 व्होल्टला चालतो आहे आणि आत शिरलेल्या इंधनापैकी 85 टक्के वापरले जाते आहे असे धरा. इंधन हायड्रोजन असेल तर 0.75 ला 1.25 ने (इंधनातली सगळी ऊर्जा विजेत उतरली असती तर मिळाले असते त्या व्होल्टेजने) भागायचे आणि 0.85 ने गुणायचे. उत्तर येते 51 टक्के. इंधन मिथेन असेल तर भागायचे 1.04 ने, आणि तोच सेल 61 टक्क्यांवर जातो. मिथेनचे वाफेबरोबर हायड्रोजनमध्ये रूपांतर होताना उष्णता लागते, ती सेलच्याच वाया जाणाऱ्या उष्णतेतून भागते, म्हणून हा फरक. हायड्रोजनच्या बातमीत मिथेनवरचा आकडा चिकटवला जातो तो असा.

आता आत काय चालते ते. मधे इट्रिया मिसळलेल्या झिर्कोनिया या सिरॅमिकचा पातळ, वायू न झिरपणारा थर; एका बाजूला निकेल आणि झिर्कोनियाचा ॲनोड, दुसऱ्या बाजूला सच्छिद्र कॅथोड. तापमान साधारण 700 ते 850 अंश सेल्सिअस. ॲनोडवरून इंधन वाहते, कॅथोडवरून हवा, आणि ऑक्सिजनचे आयन मधल्या थरातून पलीकडे जातात. एका अँपिअरला मिनिटाला 7 मिलिलिटर हायड्रोजन आणि 16.6 मिलिलिटर हवा लागते. हे दोन आकडे पाठ असले की कोणत्याही जाहिरातीची उलटतपासणी घेता येते. 100 चौरस सेंटिमीटरचा सेल 0.3 अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरने चालवला तर 30 अँपिअर मिळतात. 85 टक्के वापर धरून हायड्रोजन लागतो मिनिटाला सुमारे 245 मिलिलिटर, आणि हवा निदान अर्धा लिटर.

पण प्रत्यक्षात हवा अर्धा लिटर देत नाहीत, साडेतीन लिटरपर्यंतसुद्धा देतात. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून नव्हे. हवा गरजेच्या दुप्पट दिली तर बाहेर पडताना तिच्यात अजून 11 ते 12 टक्के ऑक्सिजन असतो आणि त्या घटीने व्होल्टेज जेमतेम 13 मिलिव्होल्टने उतरते. हवा लागते ती सेल थंड ठेवायला. वरचा सेल 22.5 वॉट वीज देताना 16 वॉटच्या आसपास उष्णताही निर्माण करतो. साडेतीन लिटर हवा सेलमधून जाताना 100 अंशांनी तापली तरी ती जेमतेम 8 ते 9 वॉट उचलते. उरलेली उष्णता कडांमधून, इंधनाच्या निकासातून किंवा मिथेनच्या रूपांतरातून गेली पाहिजे. नाही गेली तर सेल आणखी तापतो. थोडक्यात, हवा ज्या बाजूने शिरते ती बाजू थंड राहते आणि जिथून बाहेर पडते ती सर्वांत गरम होते.

इंधनाच्या बाजूचे गणित निराळे आहे. 800 अंशांना 97 टक्के हायड्रोजन आणि 3 टक्के वाफ आत येते, तिथे आदर्श व्होल्टेज 1.10 असते. 85 टक्के हायड्रोजन वापरून झाल्यावर निकासाशी ते 0.86 वर आलेले असते. सेलला शेजारच्या सेलशी जोडणाऱ्या धातूच्या इंटरकनेक्ट पट्टीमुळे सबंध सेलचे व्होल्टेज एकच असते. त्यामुळे 0.75 व्होल्टला चालणाऱ्या सेलमध्ये इंधन शिरते तिथे प्रवाहाला ढकलायला 0.35 व्होल्ट हाताशी असतात आणि निकासाशी फक्त 0.11. शिवाय झिर्कोनियाचा रोध तापमानाबरोबर झपाट्याने कमी होतो. म्हणजे विद्युतप्रवाह कुठे जास्त वाहणार हे दोन गोष्टींवर ठरते: इंधन कुठे ताजे आहे आणि सेल कुठे गरम आहे. या दोन जागा एकत्र आणायच्या की दूर ठेवायच्या, हाच मांडणीचा सगळा प्रश्न.

को-फ्लोमध्ये इंधन आणि हवा एकाच टोकाला शिरून एकाच दिशेने जातात. ताजे इंधन थंड टोकाला मिळते आणि विटलेले गरम टोकाला. एकीकडची कमतरता दुसरीकडून भरून निघते, विद्युतप्रवाह बऱ्यापैकी सारखा पसरतो. काउंटर-फ्लोमध्ये इंधन शिरते तिथेच तापलेली हवा बाहेर पडत असते. ताजे इंधन आणि गरम जागा एकत्र आल्या की तिथे प्रवाहाची गर्दी होते आणि त्या गर्दीने जागा आणखी तापते. पण सेलचे सरासरी तापमान जास्त राहिल्यामुळे रोध कमी होतो आणि एकूण व्होल्टेज वर राहते. क्रॉस-फ्लोमध्ये दोन्ही वायू काटकोनात जातात. इंधनाचे तोंड आणि हवेचा निकास ज्या कोपऱ्यात मिळतात तो कोपरा सर्वांत गरम होतो आणि तापमानाचा उतार सेलभर तिरका पडतो. चार बाजूंना चार मॅनिफोल्ड (वायू आत वाटून देणाऱ्या आणि बाहेर गोळा करणाऱ्या मोठ्या वाटा) बसवायला ही मांडणी सर्वांत सोपी, म्हणून टिकून आहे. सिरॅमिकला मात्र तिरका ताण सोसत नाही.

फरक किती पडतो? 1990 च्या दशकात आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली निरनिराळ्या गटांनी एकच ठरवून दिलेला सेल आपापल्या संगणकीय मॉडेलने सोडवला होता. 10 बाय 10 सेंटिमीटरचा सेल, दोन्ही वायू 900 अंशांना आत, सरासरी 0.3 अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर, इंधनाचा वापर 85 टक्के, हवा गरजेच्या सातपट. अंशतः रूपांतर केलेल्या मिथेनवर को-फ्लोचे व्होल्टेज 0.64 च्या आसपास आले, काउंटर-फ्लोचे 0.68 ते 0.69. म्हणजे तेवढ्याच इंधनात सात टक्के जास्त वीज. माहितीपत्रकात काउंटर-फ्लोचाच आकडा छापावासा वाटणार, यात नवल नाही. पण त्याच उत्तरांत पुढे पाहा. को-फ्लोमध्ये विद्युतप्रवाहाची सर्वाधिक घनता 0.3 ते 0.37 होती, काउंटर-फ्लोमध्ये ती इंधनाच्या तोंडाशी 0.5 च्या वर आणि दुसऱ्या टोकाला 0.1 च्या आसपास. कमाल तापमान को-फ्लोमध्ये 1,030 अंशांच्या आतबाहेर, काउंटर-फ्लोमध्ये 1,060 च्या पुढे. एका टोकाला राबवून दुसरे टोक बसवून ठेवल्यासारखा तो सेल चालतो.

को-फ्लोही निर्दोष नाही. त्याच मिथेनच्या उदाहरणात त्याचे प्रवेशाचे टोक 850 अंशांपर्यंत, म्हणजे आत येणाऱ्या वायूंपेक्षा 50 अंश खाली उतरले. निकेलवर मिथेनचे रूपांतर पहिल्या एक-दोन सेंटिमीटरमध्येच धडाक्याने होते आणि एका मोलला 206 किलोज्यूल उष्णता ओढून घेते. तापमानाचा उतार सेंटिमीटरला साधारण 10 अंशांच्या आत ठेवावा असा कामचलाऊ नियम आहे, कारण निकेलचा ॲनोड आणि झिर्कोनिया तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत. यावर उपाय म्हणजे मिथेनचा काही भाग सेलच्या आधीच रूपांतरित करून आणणे आणि कार्बनच्या एका अणूमागे वाफेचे रेणू दोनच्या वर ठेवणे. वाफ कमी केली तर निकेलवर काजळी धरते आणि वायूच्या बारीक वाटा, म्हणजे चॅनेल, बंद होतात. बायोगॅसवर चालवायची भाषा करणाऱ्यांनी हे आधी वाचावे. गंधक काढण्याचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे.

आमचे मत सांगायचे तर, जागेवर बसवून वर्षानुवर्षे चालवायच्या यंत्रासाठी को-फ्लो आणि अंशतः आधी केलेले रूपांतर ही जोडी बरी. व्होल्टेजचे सहा-सात टक्के गेले तरी चालतील, सील आणि सेल टिकले पाहिजेत. ज्यांचे सेल पातळ पोलादी पत्र्यावर छापलेले असतात त्यांना तापमानाचा उतार जास्त सोसतो. त्यांचा हिशेब वेगळा असू शकतो.

हवा कमी करून ब्लोअरची वीज वाचवावी हा मोह सगळ्यांनाच होतो. एक किलोवॉटच्या स्टॅकला, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलच्या गठ्ठ्याला, सातपट हवा म्हणजे मिनिटाला 155 लिटर. स्टॅक आणि नळ्यांत मिळून 5 किलोपास्कल दाब खर्च होत असेल आणि लहान ब्लोअरची कार्यक्षमता पाव-सव्वापाव भाग धरली, तर ब्लोअर एकटा 50 वॉटच्या आसपास खातो. अडीचपट हवेवर तोच खर्च 6-7 वॉटवर येतो. पण मग सेलमधून उष्णता काढणार कोण? काउंटर-फ्लोमध्ये हवा कमी केली की इंधनाच्या तोंडाशी असलेली गर्दी आणखी तापते. को-फ्लोमध्ये निकासाचे टोक तापते. हवेचे प्रमाण आणि दिशा यांचा निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर घेता येत नाही.

इथवरची गोष्ट एका सेलची झाली. खरी रडकथा सुरू होते ती स्टॅकमध्ये, जिथे तीस-चाळीस सेल एकावर एक रचलेले असतात आणि सगळ्यांना एकाच मॅनिफोल्डमधून वायू वाटून द्यायचा असतो. कालव्याच्या टेलला असलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. स्टॅकला एकूण 85 टक्के वापराच्या हिशेबाने इंधन दिले आणि एका सेलच्या वाट्याला सरासरीपेक्षा 10 टक्के कमी आले, तर त्या सेलपुरता वापर 94 टक्क्यांवर जातो. 20 टक्के कमी आले तर हिशेब 106 टक्के, म्हणजे आहे त्याहून जास्त इंधन मागितले जाते. सेल एकसर (सिरीज) जोडणीत असल्यामुळे प्रवाह तर सगळ्यांतून तेवढाच जाणार. मग हायड्रोजनऐवजी निकेल जळते. 800 अंशांना ॲनोडवरचे स्थानिक व्होल्टेज हवेच्या तुलनेत 0.7 च्या खाली गेले की निकेलचे ऑक्साइड होऊ लागते, आणि ऑक्साइडचे आकारमान निकेलच्या 1.7 पट. ॲनोड फुगतो, वरचा झिर्कोनियाचा थर तडकतो, हवा आणि इंधन तिथेच भेटून पेटतात आणि शेजारचे सेलही बरोबर घेऊन जातात.

म्हणून मॅनिफोल्ड ऐसपैस आणि चॅनेल अरुंद ठेवायचे: दाबाचा खर्च जवळजवळ सगळा चॅनेलमध्ये व्हावा, मॅनिफोल्डमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. निकासाचा मॅनिफोल्ड आवकच्या मॅनिफोल्डपेक्षा मोठा हवा, कारण बाहेर पडणारा वायू जास्त गरम असतो आणि मिथेन असेल तर त्याचे आकारमानही वाढलेले असते. एक मोल मिथेन आणि दोन मोल वाफ आत गेली की रूपांतरानंतर त्यांचे पाच मोल होतात, आणि पूर्ण वापरानंतरही पाचच बाहेर येतात. आवक-निकास एकाच टोकाला ठेवायचे की विरुद्ध टोकांना, यावर भरपूर वाद होतात. मॅनिफोल्ड पुरेसा मोठा असेल तर त्या वादात दम उरत नाही.

चॅनेलच्या खोलीविषयी मात्र कितीही काटेकोर राहिले तरी कमीच. हा प्रवाह संथ, थरांचा असतो. रुंद चॅनेलमध्ये वायूचे प्रमाण खोलीच्या घनाप्रमाणे बदलते. एक मिलिमीटर खोलीत दहावा हिस्सा कमी झाला, मग तो पत्रा वाकल्याने असो, काच-सिरॅमिकची सील वितळून आत सरकल्याने असो, की जोडणीची पेस्ट जास्त लागल्याने, तर वायू 27 टक्क्यांनी घटतो. वरचा 106 टक्क्यांचा हिशेब इथे आठवावा. फिटरच्या भाषेत 'शंभर मायक्रॉनने काय बिघडते' असे विचारणाऱ्याला हे उत्तर आहे.

यात आणखी एक दुष्टचक्र आहे. वायू तापला की त्याची स्निग्धता वाढते आणि आकारमानही वाढते, त्यामुळे तेवढ्याच दाबाला तापलेल्या चॅनेलमधून कमी वायू जातो. 800 अंशांच्या स्टॅकमध्ये एखादा सेल 50 अंशांनी जास्त गरम असेल, तर त्याच्या वाट्याची हवा सात-आठ टक्क्यांनी घटते. जो तापला आहे त्यालाच गारवा कमी मिळतो. टोकाच्या सेलचे उलटे: ते थंड राहतात, त्यांना हवा जास्त मिळते आणि ते आणखी थंड होतात.

दोष शोधायची पद्धत सोपी आहे, फक्त प्रत्येक सेलला व्होल्टेजची तार हवी. प्रथम भार न लावता, 3 टक्के वाफेच्या हायड्रोजनवर, 800 अंशांना प्रत्येक सेलचे व्होल्टेज 1.10 च्या जवळ आहे का ते पाहावे. एखादा 1.05 दाखवत असेल तर त्याच्या ॲनोडवर वाफ आधीच 8 टक्क्यांच्या वर गेली आहे, म्हणजे कुठेतरी गळतीने हायड्रोजन जळतो आहे. तो स्टॅक पुढे चालवू नये. मग भार लावून प्रवाह स्थिर ठेवावा आणि इंधन पायरी-पायरीने कमी करत वापर 60 वरून 70, 75, 80 असा न्यावा. प्रत्येक पायरीवर तापमान स्थिरावेपर्यंत थांबावे. सेल ओळीने, एका टोकाकडून घसरू लागले तर दोष मॅनिफोल्डच्या वाटपात आहे. मधलाच एखादा एकदम कोसळला तर त्याचे चॅनेल तुंबले आहे किंवा सील गेली आहे. कोणताही सेल 0.7 व्होल्टच्या जवळ आला की इंधन लगेच वाढवावे, सरासरी कितीही चांगली दिसत असली तरी.

सपाट सेलखेरीज इतर रचना आहेत आणि त्यांनी हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडवला. वेस्टिंगहाउस आणि पुढे सीमेन्सच्या नळीसारख्या सेलमध्ये हवा आतल्या बारीक नळीतून बंद टोकापर्यंत जाऊन परत फिरते, जाताना तापते, आणि परतीच्या वाटेवर इंधनाच्या दिशेनेच वाहते. गरम भागात सीलच लागत नाही. स्वित्झर्लंडच्या हेक्सिसने गोल तबकडीच्या मध्यातून इंधन देऊन कडेला जाळून टाकले. दोन्ही हुशार रचना, पण घनफळाच्या मानाने वीज कमी.

जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रात 2007 साली सुरू केलेला स्टॅक एक लाख तासांहून अधिक चालला. हा विक्रम खराच मोठा आहे. मात्र तो स्टॅक दोन सेलचा, 700 अंशांना, हायड्रोजनवर आणि सुमारे 40 टक्के वापरावर चाललेला होता. दोन सेलच्या स्टॅकमध्ये वाटपाचा प्रश्न जवळजवळ नसतोच. त्यातून पदार्थ किती टिकतात ते कळते, चाळीस सेलचा स्टॅक 85 टक्के वापरावर किती टिकेल ते कळत नाही. बातमीत या दोन गोष्टी एक होऊन जातात.

हा विषय महाराष्ट्राला दूरचा नाही. पुण्याच्या थरमॅक्सने 2024 मध्ये ब्रिटनच्या सेरीस कंपनीशी सॉलिड ऑक्साइड इलेक्ट्रोलायझरच्या तंत्रज्ञानाचा परवाना-करार केला. तिथे हाच सेल उलटा चालतो, वाफेपासून हायड्रोजन काढतो. 1.29 व्होल्टच्या आसपास चालवला तर उष्णतेची देवघेव जवळपास शून्य होते आणि तापमान सपाट राहते, म्हणून दिशेचा प्रश्न सौम्य होतो. वाटपाचा होत नाही. वाफ कमी पडलेला सेल तिथेही आधी मरतो.

आणि एक खास आपल्याकडचा मुद्दा. पोलादी इंटरकनेक्टमधले क्रोमियम हवेतल्या आर्द्रतेबरोबर वाफ होऊन उडते आणि कॅथोडवर जाऊन बसते. चाचण्या बहुधा कोरड्या, दाबाखालच्या हवेवर होतात. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये ब्लोअर जी हवा ओढेल तिच्यात आकारमानाने 3 ते 4 टक्के वाफ असेल, आणि सातपट हवा म्हणजे सातपट वाफ. पट्टीवर मँगनीज-कोबाल्टचा लेप आहे का, आणि ओल्या हवेवर चाचणी झाली आहे का, हे विचारायलाच हवे.

तेव्हा ज्या महापालिका, रुग्णालये किंवा मोबाइल टॉवरवाले असे यंत्र घेण्याच्या विचारात असतील त्यांनी निविदेत पुढील गोष्टी लेखी मागाव्यात: इंधन कोणते, वायूंची मांडणी कोणती, इंधनाचा वापर किती टक्के, हवा किती पट, वीज ब्लोअर आणि इन्व्हर्टरचा खर्च वजा करून की आधीची, आणि 75, 80 व 85 टक्के वापरावर प्रत्येक सेलचे व्होल्टेज. पुरवठादार फक्त सरासरी देऊ लागला तर सर्वांत खालच्या सेलचा आकडा मागावा. आपल्या वार्ताहरांनीही बातमी करताना एवढेच विचारले तरी पुरे.

आपले,
फ्युएल सेल स्टॅकच्या चाचणीत काम करणारे काही अभियंते, पुणे